पॉइंटांवर परदेशवारी: हिशेब की नुसती चटक?

बाणेरचा_भटक्या
आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एका काकांनी लिहिलं की क्रेडिट कार्डाच्या पॉइंटांवर फिरायला जाणारे सगळे बँकेच्या गळाला लागलेले मासे आहेत. तिथे वाद घातला तर टँकरचा मूळ विषय बाजूला पडतो, म्हणून इथे लिहितो.

माझं म्हणणं सरळ आहे. किराणा, वीजबिल, विम्याचा हप्ता हे खर्च तसेही होणारच. यूपीआयने भरले तर हाती काही येत नाही, कार्डाने भरले तर पॉइंट येतात. मुदतीच्या आत पूर्ण बिल भरायचं, म्हणजे व्याजाचा प्रश्न नाही. पॉइंट विमान कंपनीच्या मैलांत, म्हणजे तिच्या स्वतःच्या पॉइंटांत, फिरवायचे आणि त्यांवर तिकीट काढायचं. आम्ही सिंगापूरला असेच जाऊन आलो, खिशातून गेले ते कर आणि शुल्क तेवढे. ज्याला हिशेब जमतो त्याने हे का सोडायचं?

आकडेमोड
जमतो म्हणताय तर मांडूनच बघू. मधल्या फळीतलं कार्ड धरा: दीडशे रुपयांना ४ पॉइंट, प्रवासासाठी वापरला तर पॉइंटचे ५० पैसे. म्हणजे लाखभर खर्चावर साधारण १,३३३ रुपये. वार्षिक फी २,५००, त्यावर १८ टक्के जीएसटी, एकूण २,९५०. नुसती फी भरून निघायला सव्वादोन लाखांच्या आसपास खर्च हवा.

आता एकदाच ५० हजारांची बाकी महिनाभर पुढे ढकलली असं धरू. महिना ३.७५ टक्क्यांनी व्याज १,८७५, त्यावर पुन्हा जीएसटी, झाले २,२१२. त्याच ५० हजारांवर मिळालेले पॉइंट ६६६ रुपयांचे. शिवाय बाकी राहिली की नव्या खरेदीची बिनव्याजी मुदतही जाते. दुसऱ्या दिवशी दूध आणलंत तरी त्यावर त्याच दिवसापासून व्याज. आणि बिलात 'किमान देय रक्कम' इतकी ठळक का छापतात, याचाही विचार करा.

बाणेरचा_भटक्या
बाकी ठेवणाऱ्याने या वाटेला जाऊच नये, हे मी वरच लिहिलंय. आणि बऱ्याच कार्डांची फी ठराविक खर्चानंतर माफ होते, ते तुम्ही सोयीस्कर गाळलंत.

मेधा_एरंडवणे
त्या 'ठराविक खर्चा'तच तर मेख आहे! आमच्याकडे कार्डाचं वर्ष संपत आलं की नवरा आकडा घेऊन बसतो. "टप्प्याला अकरा हजार कमी पडतायत." मग चालू मिक्सर एकाएकी म्हातारा होतो, आईंना नको असताना नवा फोन येतो. तुम्ही म्हणता खर्च तसाही होणारच. आमचा निम्मा खर्च त्या टप्प्यापायी जन्माला येतो. बरं, घरभाड्यावर बँका एक टक्का शुल्क लावायला लागल्या, पेट्रोलवर बहुतेक कार्डं पॉइंट देत नाहीत. म्हणजे जिथे खरोखर पैसे जातात तिथे ठणठणाट, आणि हौसेच्या खरेदीवर पाचपट पॉइंट.

आकडेमोड
ताई, मिक्सरवर सहमत. फोनवर तर दुप्पट सहमत.

वहीवाला_अबचौक
सगळे आपापल्या खिशाचं बोलताय, जरा गल्ल्यावरून बघा. माझं अप्पा बळवंत चौकात दुकान आहे. जून महिन्यात पालक येतात, वह्या-पुस्तकांचं चार-पाच हजारांचं बिल होतं आणि गुलाबी-काळं कार्ड पुढे येतं. मशीनवर ते टेकवलं की माझ्या खात्यात पूर्ण रक्कम येत नाही, दोन टक्क्यांच्या आसपास कापून येते, त्या कापलेल्यावर जीएसटी वेगळा. पाठ्यपुस्तकांत सुटतं काय, ते या धंद्यातल्या माणसाला विचारा. यूपीआयवर बँक खात्यातून पैसे आले तर जानेवारी २०२० पासून आम्हाला काही कापलं जात नाही. म्हणून मी 'यूपीआय करा' म्हणतो, तर गिऱ्हाईक म्हणतं "पॉइंट मिळतात हो". मिळतात ना, पण देतंय कोण? बँक काही पदरचे देत नाही. तुमच्या सिंगापूरच्या तिकिटात माझ्या वह्या आहेत.

बाणेरचा_भटक्या
काका, हे पटलं म्हणून सांगतो, लहान दुकानात मी स्कॅनच करतो. पण मोठ्या मॉलमध्ये आणि ऑनलाइन हे पैसे आधीच किमतीत धरलेले असतात. तिथे मी कार्ड नाही वापरलं तरी किंमत तीच. म्हणजे न वापरणारा वापरणाऱ्याचा भार उचलतो. मग मी उचलणाऱ्यांत का राहू?

वहीवाला_अबचौक
म्हणजे चूक आहे हे मान्य, फक्त आपण बरोबर बाजूला असावं, इतकंच.

बाणेरचा_भटक्या
हो. यात मला लाज वाटत नाही.

लोहगाव_रनवे
नीतिमत्ता राहू द्या, पॉइंटची पत बघा. हे चलन असं आहे की छापणारा रात्रीत भाव बदलतो. अ‍ॅक्सिस बँकेच्या साध्या मॅग्नस कार्डावर ५ पॉइंटांचे ४ मैल मिळायचे. १ सप्टेंबर २०२३ पासून ५ चे २ झाले, आणि फी १० हजारांवरून साडेबारा हजार. लोकांनी साठवलेला ढिगारा एका पत्रकाने निम्मा झाला, आणि तेही नियमांत बसवून. विमान कंपन्यांचं म्हणाल तर किंगफिशरने २०१२ मध्ये उड्डाणं थांबवली, जेटने १७ एप्रिल २०१९ ला. जेटचे मैल नाव बदलून राहिले, पण ज्या विमानासाठी ते साठवले होते ते उडेना. विस्तारा नोव्हेंबर २०२४ मध्ये एअर इंडियात गेली, तिथे मात्र पॉइंट बुडाले नाहीत, हेही सांगितलं पाहिजे. मुदत ठेवीसारखं पॉइंट साठवणारे लोक मला कळतच नाहीत. क्रिसफ्लायरचे, म्हणजे सिंगापूर एअरलाइन्सचे, मैल तर तीन वर्षांत संपतात, आणि एकदा तिकडे पाठवले की परत कार्डावर येत नाहीत.

त्यात आपण पुण्याचे. लोहगावची धावपट्टी हवाई दलाची, परदेशी विमानं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. 'फुकट' तिकीट बहुतेक वेळा मुंबईहून असतं. पहाटेच्या विमानासाठी मध्यरात्री टॅक्सी, एक्स्प्रेस वेचा टोल, येताना पुन्हा तेच. चार माणसं आणि बॅगा म्हटलं की दोन गाड्या. हा आकडा कुणीच तिकिटात धरत नाही. वर दिवाळीच्या आणि मेच्या सुट्टीत मैलांवरच्या जागा सापडणं मुश्कील. शाळकरी मुलांच्या आईबापांनी जायचं कधी?

मेधा_एरंडवणे
हेच! आमचे मैल आहेत, पण जागा आहेत त्या सहामाही परीक्षेच्या आठवड्यात.

बाणेरचा_भटक्या
सुट्टीचं खरंय. आमची मुलगी अजून शाळेत जात नाही म्हणून जमतंय. पण पॉइंट निम्मे होतील म्हणून मिळवूच नयेत हे काही पटत नाही. मिळाले की वापरायचे, साठवायचेच कशाला? शिवाय पॉइंट हॉटेलांवरही चालतात, त्याला मुंबई गाठावी लागत नाही.

नवखा_हिंजवडी
मध्येच विचारतो. नोकरीला लागून वर्ष झालंय, महिना खर्च पंचवीस हजार, त्यात बारा हजार भाडं. कोणतं कार्ड घेऊ?

आकडेमोड
भाडं वजा केलं की उरले तेरा हजार. वर्षाचे दीड लाख. वरचाच हिशेब लाव, पॉइंट दोन हजारांचे, फी २,९५०. आजन्म बिनफीचं असेल तर घे, नाहीतर यूपीआय बरं. विमानतळावरच्या लाउंजच्या आशेने घेऊ नकोस, आता बऱ्याच कार्डांवर त्यालाही आधी ठराविक खर्च करून दाखवावा लागतो.

बाणेरचा_भटक्या
बिनफीचंच घे, यावर आमचं एकमत. पण बिल आपोआप पूर्ण भरलं जाईल अशी सोय पहिल्याच दिवशी लाव. 'पूर्ण रक्कम' निवड, 'किमान' नाही.

वहीवाला_अबचौक
आणि वह्या घ्यायला आलास तर स्कॅन कर रे बाबा.