साडेतीन रुपयांवरून नागपूरला शाकाहारी ठरवणाऱ्यांना

इतवारीकर
काल इथं एकानं लिहिलं की २०२२-२३ च्या सरकारी घरखर्च पाहणीत शहरी माणूस शंभरातले साडेतीन रुपयेच मटण-मासे-अंड्यांवर घालतो, म्हणजे नागपूर मुळात शाकाहारी, आणि शाळेत अंडी मागणं हे चार लोकांचं खूळ. वाचून डोकं तापलं.

३.५७ टक्के हा देशभरातल्या शहरांचा आकडा आहे. त्यात केरळ आलं, राजस्थानही आलं. नागपूरबद्दल तो काय सांगणार? दुसरं म्हणजे, हॉटेलात खाल्लेलं किंवा डब्यात बांधून आणलेलं सावजी, म्हणजे आमच्याकडचं झणझणीत मटण, त्या रकान्यात जातच नाही. शिजवलेलं विकत घेतलं की ते पेयं आणि तयार पदार्थांत धरतात, आणि तो वाटा शहरांत १०.६४ टक्के आहे. आमच्याकडे रविवारी दुपारी स्टीलचे डबे घेऊन माणसं मटणाच्या रश्शासाठी उभी असतात. कितीतरी घरांत आईला चालत नाही म्हणून मटण आत शिजत नाही. खातात मात्र सगळे.

धरमपेठवासी
त्या १०.६४ मध्ये चहा, समोसे, तर्री-पोहे, बिस्किटं, चिवडा सगळं आलं. तुम्ही ते सावजीच्या नावावर चढवलं. आकडा आवडला नाही की रकाना बदलायचा! आमच्या इमारतीत खाणारी दोनच घरं आहेत.

सक्करदऱ्याचा
दादा, तुमची इमारत म्हणजे नागपूर नाही. आणि टक्केवारीवर काहून भांडून रायले? खेड्यात वाटा ४.९१, शहरात ३.५७, म्हणून खेडं जास्त खाते का? माणशी महिन्याचा खर्च खेड्यात ३,७७३, शहरात ६,४५९. गुणाकार करा. खेड्यात १८५ रुपये, शहरात २३०. आज मटण सातशेच्या वर आहे. एवढ्यात महिन्याला पाव किलोच्या आसपास येते. याला शौक म्हणता?

भंडारेवाली
माझ्या माहेरी तलावातले झिंगे ढिवर बाया दारावर आणायच्या, आई सुपानं धान घालायची. पैसे कुठं दिसणार तुमच्या पाहणीत?

धरमपेठवासी
ताई, घरचं पिकलेलं आणि अदलाबदलीचंही किंमत लावून धरतात. माहिती घेऊन बोला.

भंडारेवाली
धरतात, मान्य. पण मटण-मासळीचं मागच्या सात दिवसांचंच विचारतात. श्रावणात आमच्या दारी आले तर शून्य लिहून जातील.

सक्करदऱ्याचा
ताई, पाहणी ऑगस्ट ते जुलै वर्षभर चालते. श्रावणात शून्य आलं, तर आखाडीत भरून निघते.

शिक्षिका, हिंगणा रोड
तुमचे रकाने राहू द्या, अंड्याचं बोला. नोव्हेंबर २०२३ मध्ये सरकारनं शाळेत आठवड्याला एक अंडं द्यायचं ठरवलं. न खाणाऱ्यांना केळं. जानेवारी २०२५ मध्ये निधी काढून घेतला, म्हणे लोकवर्गणीतून द्या. माझ्या वर्गातले बाप मजुरीला जातात, त्यांच्याकडं वर्गणी मागू? अंडी होती त्या दिवशी पोरं सुट्टीच्या आधीच ताट घेऊन बसायची. एक मुलगी अर्धं अंडं डब्यात ठेवायची, लहान भावासाठी.

धरमपेठवासी
मग सगळ्यांनाच केळं द्या. कोणाच्या श्रद्धेला धक्का नाही.

शिक्षिका, हिंगणा रोड
अंड्यात सहा ग्रॅम प्रथिनं, केळ्यात जेमतेम एक. तुमच्या नातवाच्या डब्यात पनीर असेल, माझ्या पोरांच्या डब्यात भात आणि मिरचीचा ठेचा असतो. श्रद्धा तुमची आणि उपास त्यांना?

धरमपेठवासी
नातवावर जाऊ नका. मी कोणाच्या ताटात हात घातलेला नाही.

इतवारीकर
घातला ना! "चार लोकांचं खूळ" या शब्दांना तुम्हीच काल "अगदी बरोबर" म्हणालात. न खाणाऱ्याला केळं आधीही होतं. खाणाऱ्याचं अंडं गेलं, तेवढाच फरक पडला.

धरमपेठवासी
ठीक. देशाच्या आकड्यावरून नागपूर ठरत नाही, हे मानतो. खाणाऱ्या पोरांना अंडं मिळावं, त्यालाही माझी ना नाही. पण इतवारीच्या रांगेवरूनही नागपूर ठरत नाही. जिल्ह्याचा आकडा असेल तर टाका.

सक्करदऱ्याचा
जिल्ह्याचा कशाला, शिक्षिकाताईंच्या शाळेचा टाका. पटावर पोरं किती, अंडं खाणारी किती, महिन्याला खर्च किती. वर्गणी मजुराकडून नको, इथूनच सुरू करू. पहिलं नाव माझं लिहा.

धरमपेठवासी
माझंही लिहा. पण माझ्या पैशातून केळीच आणा.