मदत हवी आहे: एनजीएस फेल, आता केमो सुरू करायची का?

वडाचंपान:
बाबांची बायोप्सी झाली, कॅन्सर निघाला. डॉक्टरांनी एनजीएस (गाठीतल्या जनुकांची तपासणी) सांगितलं, पैसे भरले. बारा दिवस थांबवून आज लॅबवाले म्हणतात सॅम्पल चालणार नाही. डॉक्टर गावाला गेलेत, सोमवारी भेटतील. परत बायोप्सी, रक्तावरची टेस्ट, की सरळ केमो? लवकर सांगा, प्लीज.

खडूफळा:
कुठला कॅन्सर, वय काय, स्टेज काय? जरा इस्कटून सांगा.

वडाचंपान:
फुफ्फुसाचा, अजून कुठला. वय ६४, स्टेज ४. आम्ही सांगलीचे.

दवबिंदू:
कशाला चाचण्यांच्या फेऱ्यात पडता? आयआयटी मुंबई आणि टाटाने मिळून कार-टी थेरपी (पेशंटच्याच प्रतिकारपेशी बदलून कॅन्सरवर सोडायच्या) काढलीय, ऑक्टोबर २०२३मध्ये मंजुरीही मिळाली. थेट टाटाचं खारघरचं केंद्र गाठा.

खडूफळा:
दवबिंदू, ती रक्ताच्या कॅन्सरसाठी आहे हो. बी-पेशी या रक्तपेशींवरचं सीडी१९ नावाचं प्रथिन ओळखून ती मारा करते. फुफ्फुसाच्या गाठीवर ते नसतंच. उगाच त्यांना खारघरला पळवू नका.

दवबिंदू:
आशा द्यायलाही बंदी आहे का इथे?

मुक्कामपोस्ट:
आईच्या वेळी यातून गेलोय (तिला आधी चार महिने टीबीची औषधं दिली होती, तो विषय वेगळा). अ‍ॅडेनोकार्सिनोमा लिहिलंय की स्क्वेमस (फुफ्फुसाच्या कॅन्सरचे हे दोन प्रकार)? विडी-सिगारेट? आणि तुकडा कुठून काढला?

वडाचंपान:
अ‍ॅडेनो. बाबांनी जन्मात सुपारीसुद्धा खाल्ली नाही. तुकडा मणक्यातून घेतला.

मुक्कामपोस्ट:
मग घोळ तिथेच असणार. हाड कापता यावं म्हणून आम्लात मऊ करतात, त्यात डीएनएची वाट लागते. लॅबला नेमकं विचारा, तुकडा लहान पडला की डीएनए खराब निघाला? सिगारेट न ओढणाऱ्याच्या अ‍ॅडेनोमध्ये ईजीएफआर किंवा एएलके या जनुकांत बदल निघण्याची शक्यता चांगली असते, आणि निघाला तर त्या बदलावरच्या गोळीवर भागू शकतं. रक्त आजच द्या. रक्तातही हा जनुकबदल शोधता येतो, सापडला तर तो धरून चालतात. नाही सापडला तर मात्र ‘नाहीच’ असं समजायचं नाही, पुन्हा तुकडा लागतो. केमो तोवर अजिबात नको.

पेठेतला_पंत:
‘अजिबात नको’ कुणी सांगितलं? ईजीएफआरमधला बदल आणि गोळीचा संबंध २००४मध्ये बोस्टनच्या संशोधकांनी दाखवला, तेव्हापासून लोकांना वाटतं गोळी असली की केमो बाद. टाटाच्याच डॉक्टरांनी ईजीएफआरवाल्या ३५० रुग्णांवर अभ्यास केला. नुसत्या जेफिटिनिब या गोळीवर आजार साधारण ८ महिने आटोक्यात राहिला, जोडीला केमो दिली तर १६ महिने. धाप वाढली असेल तर थांबणं महागात पडेल.

मुक्कामपोस्ट:
पंत, त्या ३५० जणांचा रिपोर्ट हातात होता! इथे तोच नाही.

पेठेतला_पंत:
मान्य. पण वाट बघण्याइतकी तब्येत आहे का, हे कुणी विचारलं? एक मात्र नक्की, रिपोर्टआधी इम्युनोथेरपी (प्रतिकारशक्तीला कॅन्सरवर सोडणारं औषध) सुचवली तर ‘ईजीएफआर कळल्यावर द्यायची का?’ असं विचाराच. ती आधी देऊन लगेच ओसिमर्टिनिब (ईजीएफआरवरचीच दुसरी गोळी) दिलं की फुफ्फुसाला सूज येण्याचा धोका वाढतो.

अण्णा_मिरजकर:
जनुकांचा विषय निघालाच आहे तर सांगतो. माझ्या सासऱ्यांना स्टेंटनंतर क्लोपिडोग्रेल (रक्ताची गुठळी होऊ न देणारी गोळी) लागूच पडत नव्हती. सीवायपी२सी१९ नावाच्या जनुकात फरक निघाला. अमेरिकेत २०१०पासून त्या गोळीवर तसा इशारा छापतात. आपल्याकडे कोण तपासतं?

खडूफळा:
अण्णा, अवांतर.

वडाचंपान:
लॅबला फोन केला. डीएनए खराब. उद्या सकाळी रक्त देतोय. धाप आहे, पण जिना चढतात. अण्णा, ती क्लोपिडोग्रेल बाबांनाही चालू आहे, गेल्या वर्षी स्टेंट बसवलाय.

मुक्कामपोस्ट:
अहो, हे आत्ता सांगताय! दुसऱ्यांदा सुई घालायची वेळ आली तर रक्तस्रावाचा धोका. सोमवारी पहिलं वाक्य हेच बोला. आणि गोळी स्वतःहून बंद करू नका, हार्टच्या डॉक्टरांना आधी फोन.

वडाचंपान:
ते डॉक्टर कोल्हापूरचे. नंबर आईकडे आहे, बघतो.