संशयवादी, शंकेखोर की चिकित्सक?

मांजराकाठ: एका लेखाचं भाषांतर करायलोय. लेखक म्हणतो हवामान बदलतंय हे मान्य, माणसामुळं बदलतंय हेही मान्य, पण त्यापायी सरकारं जो पैसा ओतायलीत त्यातून पदरात काय पडणार त्याचा हिशोब दाखवा. मी त्याला 'संशयवादी' म्हटलं, तर तपासणाऱ्यानं खोडून 'हवामानबदल नाकारणारा' केलं. अरे तो नाकारतोय कुठं? आता संशयी म्हटलं की आमच्याकडं बायकोवर पाळत ठेवणारा नवराच डोळ्यापुढं येतो, ते वेगळं. काय लिहू?

तुरीचं_वरण: चिकित्सक. विषय संपला.

औंढ्याचा_पाव्हणा: कसा काय संपला? आमची आजी 'लई चिकित्सक पाव्हणे हायेत' म्हणली की सोयरीक मोडली समजायची. हिंदीत तर तो डॉक्टरच. 'शक्की' लिहा की राव, आपल्याकडं निजामाच्या काळापासून चालतंय, शंकेचा सख्खा भाऊ आहे तो.

गोदाकाठची: कुठला भाऊ? शक अरबी, शंका संस्कृत, तोंडावळा सारखा म्हणून काय सोयरे होतात का. आणि आमच्या पैठणात शक म्हटलं की शालिवाहनाचा, तो तिसराच!

शुद्धलेखक: 'लाभव्यय-साशंक' असा नेमका शब्द घडवता येतो. आळस सोडा.

तुरीचं_वरण: सर, हा शब्द एकदा मोंढ्यात जाऊन मोठ्यानं म्हणून दाखवा. तिथं दोनच शब्द चालतात, परवडतंय आणि परवडंना.

मांजराकाठ: परवडंना हेच खरं तर लेखात आहे, फक्त 'कुणाला' आणि 'कधी' यावर मारामारी. शंभर वर्षांनी होणारं १०० रुपयांचं नुकसान टाळायला आज किती घालायचे? पुढच्या पैशाची आजची किंमत काढताना दरसाल जी घट धरतात तो दर १.४ टक्के धरला तर जवळपास २५ रुपये, साडेचार धरला तर सव्वा रुपया. हवामानबदलाच्या खर्चावरच्या २००६ च्या अहवालात ब्रिटिश अर्थतज्ज्ञ स्टर्ननी असाच कमी दर धरला म्हणून ते म्हणाले आत्ताच मोठा खर्च करा, अमेरिकन अर्थतज्ज्ञ नॉर्डहाउस म्हणाले दर बाजाराला धरून घ्या आणि खर्च हळूहळू वाढवत न्या. नॉर्डहाउसना २०१८ ला नोबेल मिळालं, त्यांना कुणी नाकारणारा म्हणतं का?

गोदाकाठची: पण तो दर ठरवणार कोण, नातवंडं तर अजून जन्मली पण नाहीत. २०१६ ला मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणलं तेव्हा कुणी टक्केवारी काढत बसलं नव्हतं.

औंढ्याचा_पाव्हणा: ताई, तहान लागल्यावर हिशोब कोण करतंय, तो आधी करायचा असतो. राज्याच्या पाणी अडवायच्या जलयुक्त शिवार योजनेवर साडेनऊ हजार कोटींच्या वर गेले आणि सरकारी खर्च तपासणाऱ्या कॅगनं २०२० ला सांगितलं की भूजल वाढवण्यात त्याचा फारसा उपयोग झाला नाही. आता कॅगला काय म्हणायचं, शंकेखोर?

गोदाकाठची: आमच्या शिवारात नाला खोल केला त्यानंतर विहिरीला पाणी टिकतंय, कॅग काही बघायला आली नव्हती.

शुद्धलेखक: 'शंकेखोर' मध्ये संस्कृत शब्दाला फारसी प्रत्यय लावलाय, हा संकर आहे.

तुरीचं_वरण: 'भांडखोर' पण तसलाच की. तुम्हाला चालेल.

मांजराकाठ: मंडळी, मला उद्या मजकूर द्यायचाय…

औंढ्याचा_पाव्हणा: देताल हो. आधी हे सांगा, सौर पंप घेतलेलं कुणी आहे का इथं? माझा हिस्सा १० टक्केच होता, पण आभाळ आलं की पाणी करंगळीएवढं येतंय अन् बसवून गेलेला फोन उचलंना.

तुरीचं_वरण: किती एचपीचा?