फोर्ट कोची पायी फिरताना: तुमचे अनुभव लिहा

फोर्ट कोचीला जाऊन आलेले पुष्कळ भेटतात, पण बहुतेकांनी ते रिक्षात बसून उरकलेलं असतं. हे गाव पायीच बघावं, असं माझं ठाम मत आहे. आम्ही सकाळी सहालाच किल्ला शोधत निघालो. नावात फोर्ट, पण पोर्तुगीजांनी १५०३ मध्ये उभारलेल्या किल्ल्याचे किनाऱ्याला जेमतेम काही अवशेष आहेत. १६६३ मध्ये डच आले, १७९५ मध्ये इंग्रज, आणि तटबंदी इंग्रजांनी पाडून टाकली. डचांची दफनभूमी मात्र समुद्राच्या अंगाला अजून आहे. तुम्ही काय काय पाहिलंत? सविस्तर लिहा.

*

चिनी जाळ्यांपाशी मी तासभर उभा होतो. एक जण आडव्या वाशावरून तोल सांभाळत पुढे चालत जातो, तसं त्याच्या वजनाने अख्खं जाळं पाण्यात उतरतं. वर घ्यायच्या वेळी चार-पाच जण दोर ओढतात आणि दोरांना बांधलेले मोठाले धोंडे एकामागून एक खाली येत टेकतात. त्या खेपेला मूठभर मासळी आली. लगेच पुन्हा जाळं खाली. मोबाईल खिशातून काढायचं सुचलंच नाही.

*

सेंट फ्रान्सिस चर्चमध्ये वास्को द गामाची समाधीशिळा आहे. १५२४ मध्ये तो कोचीतच वारला, पुढे अस्थी लिस्बनला नेल्या. मला जास्त लक्षात राहिले ते छताला टांगलेले लांबलचक कापडी पंखे. त्यांचे दोर भिंतीबाहेर जातात. बाहेर उन्हात बसून ते ओढणाऱ्यांची नावं कुठे लिहिलेली असतील?

*

मट्टनचेरीपर्यंत चालत जाच, वाटेत मिरी-सुंठेचा वास येतो. तिथलं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, १५६८ चं, जमिनीला हाताने रंगवलेल्या निळ्या चिनी फरश्या. शनिवारी बंद असतं, आम्ही नेमके शनिवारी पोचलो. फार हळहळ वाटली.

पण त्यामुळेच चेरलाईतल्या तिरुमल देवळाकडे वळलो. पोर्तुगीज अमदानीत गोवा सोडून आलेल्या गौड सारस्वतांची तिथे वस्ती आहे. माझी आई वेंगुर्ल्याची. देवळाबाहेर एक आजी कोकणीत बोलताना ऐकली आणि आई थबकलीच. दोघी पायरीवर बसल्या. अर्ध्या तासाने मी हाक मारली, तर आई म्हणाली, “तू हो पुढे, आमचं अजून नारळाच्या कापांपर्यंतच आलंय.”