शेडच्या छतावर रबर शीट बसवण्याबाबत मदत हवी आहे

नमस्कार. आम्ही इंग्लंडमध्ये रीडिंग येथे राहतो. परसातील ८ बाय ६ फुटांच्या लाकडी शेडवरचे डांबरी फेल्ट (पाणी अडवणारे डांबर लावलेले जाड आवरण) खिळ्यांपाशी फाटले असून, खालची फळी बोटाने दाबली की ओल्या पुठ्ठ्यासारखी आत जाते. त्यामुळे फेल्ट उपटून, कुजलेल्या फळ्या बदलून, त्यावर १.२ मिमी जाडीची ईपीडीएम (छतांसाठी वापरले जाणारे जलरोधक कृत्रिम रबर) शीट अखंड अंथरण्याचा विचार आहे. मधल्या भागाला पाण्याचा बेस असलेला गोंद आणि कडांना कॉन्टॅक्ट अ‍ॅडहेसिव्ह (दोन्ही पृष्ठभागांना लावून मग चिकटवायचा गोंद) वापरतात, एवढे समजले आहे. मात्र दुपाखी छताच्या टोकांना, जिथे वारा शीट उचलू शकतो, तिथे ती लाकडी पट्टीखाली दाबावी की धातूची पट्टी लावावी, हे अनुभवी सभासदांनी कृपया सांगावे. आत वडिलांची सुतारकामाची हत्यारे आहेत. हिवाळ्यापूर्वी ती सुरक्षित करायची आहेत.