स्पॅनिशमध्ये पुढचे बेत कसे सांगावेत? विहीणबाईंशी बोलण्यापुरता सल्ला हवा आहे

गोदाकाठ
नमस्कार. माझी लेक स्पेनमधील व्हॅलेन्सिया शहरात असते. मार्चमध्ये तिचे बाळंतपण आहे, म्हणून मी फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात तिकडे जाणार आहे आणि व्हिसाच्या नियमाप्रमाणे 90 दिवसांच्या आत परतणार आहे. जावई तिथलेच असून विहीणबाईंना इंग्रजी येत नाही. ओळख करून देणे, आकडे, वार आणि पदार्थांची नावे एवढे मला जमते. मात्र रोजचे बोलणे 'उद्या डॉक्टरांकडे जायचे आहे', 'रविवारी मी पुरणपोळी करणार आहे' असे बहुतेक पुढचेच असणार, आणि नेमके तिथेच माझे अडते. खर्चाची मर्यादा 2,000 रुपये आहे आणि वेळ रोज अर्धा तास. आधी काय शिकावे आणि पैसे कशावर घालावेत?

सहकारनगर_पुणे
ताई, रीतसर वर्गाला पर्याय नाही. मी दोन पातळ्यांसाठी 38,000 रुपये भरले आणि त्यातील एकही रुपया वाया गेला असे मला वाटत नाही. शिक्षिका समोर असल्या की उच्चार जागच्या जागी सुधारतो. भविष्यकाळ आम्हाला दुसऱ्या पातळीत शिकवला, त्यामुळे तुम्हीही घाई न करता पायऱ्या चढाव्यात असे मी सुचवेन.

व्याकरणप्रेमी
वरील सल्ल्याशी मी सहमत नाही. स्पॅनिशचा साधा भविष्यकाळ हा त्या भाषेतील सर्वांत नियमबद्ध भाग आहे. क्रियापदाच्या मूळ रूपालाच ए, आस, आ, एमोस, एइस, आन हे प्रत्यय लागतात आणि तिन्ही गणांना, म्हणजे आर, एर, इर यांनी संपणाऱ्या क्रियापदांना, तेच लागतात : आब्लार म्हणजे बोलणे, आब्लारे म्हणजे मी बोलेन. हे प्रत्यय मुळात 'आबेर' (जवळ असणे) या क्रियापदाची रूपे आहेत, कारण लॅटिनच्या उत्तरकाळात 'मला बोलायचे आहे' अशा धर्तीची रचना झिजून हा काळ तयार झाला. ज्यांचे मूळ रूप प्रत्ययापूर्वी बदलते अशी अनियमित क्रियापदे डझनभरच आहेत : तेन्द्रे, पोन्द्रे, साल्द्रे, बेन्द्रे, आरे, दिरे इत्यादी. मी या विषयावरचे तीन जाड ग्रंथ माद्रिदहून मागवले आहेत; त्यांपैकी एक तरी आपण घ्यावा.

ग्वादालाहारा_रिटर्न
ग्रंथांची किंमत 2,000 रुपयांत बसत नाही हे एक, आणि दुसरे म्हणजे ताईंना विहीणबाईंशी बोलायचे आहे. मी मेक्सिकोत नोकरीनिमित्त राहिलो. तिथल्या बोलण्यात बेत सांगताना साधा भविष्यकाळ फारच क्वचित येतो. सगळे 'इर आ' वापरतात, म्हणजे जाण्याच्या क्रियापदाचे वर्तमानरूप, मग 'आ' आणि मग मूळ क्रियापद. बोय आ कोमेर, मी जेवणार आहे. बास आ (तू), बा आ (तो, ती), बामोस आ (आम्ही), बान आ (ते) ही उरलेली रूपे. 'बाइस आ' (तुम्ही सगळे) शिकूच नये, कारण लॅटिन अमेरिकेत ते कोणी बोलत नाही.

सहकारनगर_पुणे
ताई स्पेनला चालल्या आहेत, मेक्सिकोला नव्हे. स्पेनमध्ये घरातल्या चारजणांना उद्देशून 'बाइस आ' म्हणतात. शिवाय आमच्या शिक्षिकांच्या मते तिथे 'कोथिनार' म्हणजे स्वयंपाक करणे हा शब्द 'थ'नेच म्हणावा, 'कोसिनार' म्हणू नये.

ग्वादालाहारा_रिटर्न
'स'ने म्हटले तरी स्पेनमध्ये सर्वांना कळते. दक्षिण स्पेनमधील अंदालुसियातील कितीतरी लोक आणि कॅनरी बेटांवरील लोक स्वतःच 'स' म्हणतात.

मीरा_बंगळुरू
उच्चारावरून धागा भरकटतो आहे. ताई, तुमच्या उपयोगाची गोष्ट अशी की मराठीत ही सोय आधीपासूनच आहे. 'मी जाणार आहे' असे आपण ठरलेल्या बेताबद्दल म्हणतो, तिथे बहुधा 'बोय आ' चालते. 'मी जाईन' या सुराच्या जवळ साधा भविष्यकाळ येतो. आणि 'मी उद्या निघते' असे आपण जसे वर्तमानकाळात सांगतो, तसेच 'मान्याना साल्गो' असे स्पॅनिशमध्येही सहज चालते. एवढेच काय, घड्याळ न पाहता आपण 'आठ वाजले असतील' म्हणतो, तेव्हा स्पॅनिश माणूसही 'सेरान लास ओचो' असे भविष्यकाळाचेच रूप वापरतो. त्यामुळे विहीणबाईंच्या तोंडी 'सेरा' (असेल) ऐकू आले की तो बेत आहे की अंदाज, हे प्रसंगावरून ओळखावे लागेल.
घोटाळा होतो तो इंग्रजीमार्गे शिकणाऱ्यांचा. माझ्या एका सहकाऱ्याने उद्याच्या प्रवासाबद्दल 'एस्तोय येन्दो', म्हणजे 'मी जात आहे', असे म्हटले, आणि तो आत्ताच निघाला असे समजून समोरचे गृहस्थ त्याला निरोप द्यायला उभे राहिले. चालू वर्तमानकाळ पुढच्या बेतासाठी वापरू नका.

व्याकरणप्रेमी
अंदाजाचा मुद्दा मीच मांडणार होतो. म्हणूनच साधा भविष्यकाळ आधी शिकणे आवश्यक आहे.

दादर_पश्चिम
मी एका ॲपचे वर्षभराचे पैसे भरले आणि त्याने मला बेत सांगायला शिकवण्याऐवजी प्राण्यांची नावे घोकायला लावली. ॲपवर एक पैसाही घालू नका. 'इर आ' आधी शिका, हे माझेही मत आहे. मात्र मधला 'आ' गाळू नका. 'बा आ आब्लार' हे भरभर बोलताना 'बाब्लार' असे ऐकू येते, कारण 'बा'मधला स्वर, मधला 'आ' आणि 'आब्लार'चा पहिला स्वर हे तिन्ही एकमेकांत मिसळतात. कानाला न आलेला 'आ' शिकणारा लिहिताना आणि बोलतानाही विसरतो. वार सांगतानाही 'एन' (मध्ये) हा शब्द लावू नका. रविवारी म्हणजे नुसते 'एल दोमिंगो'. पुढच्या आठवड्यात म्हणजे 'ला सेमाना के बिएने', दोन आठवड्यांनी म्हणजे 'देन्त्रो दे दोस सेमानास'.

ग्वादालाहारा_रिटर्न
'इर आ' आधी, हे मी वर सांगितलेच आहे. विहीणबाईंना 'तू' म्हणा, म्हणजे 'बास आ' लागेल. स्पॅनिश लोक लगेच एकेरीवर येतात.

मीरा_बंगळुरू
हो, स्पेनमध्ये नात्यात 'तू'च चालते. 'उस्तेद', म्हणजे आदरार्थी 'तुम्ही', त्यांना परके वाटेल. 'बास आ' पक्के करा.

सहकारनगर_पुणे
माझेही हेच मत आहे. सहाही रूपे पाठ करा आणि विहीणबाईंना 'तू' म्हणा.

गोदाकाठ
सर्वांचे मनापासून आभार. मी विचार करून ठरवले आहे की वर्ग, ग्रंथ आणि ॲप यांपैकी काहीही घेणार नाही. 2,000 रुपयांत लेकीच्या ओळखीतील एका विद्यार्थिनीशी ऑनलाइन बोलण्याचे काही तास मिळत आहेत, ते घेईन.
विहीणबाईंना मी 'उस्तेद'च म्हणणार आहे. त्या वयाने मोठ्या आहेत, त्यांनी स्वतःहून 'तू म्हणा' म्हटल्याशिवाय माझी जीभ एकेरीवर वळणार नाही, आणि तशी ती वळावी असे मला वाटतही नाही. त्यात सोयही आहे. 'उस्तेद'ला तृतीय पुरुषाचे रूप लागते, त्यामुळे 'बा आ' हे एकच रूप विहीणबाईंशी बोलताना, लेकीबद्दल सांगताना आणि बाळाबद्दल बोलतानाही चालेल. बोय आ, बा आ, बामोस आ अशी तीनच रूपे मी पक्की करणार आहे. उरलेली तीन कानावर पडतील तेव्हा पडतील.
पहिली वाक्ये तपासून द्यावीत : 'एल दोमिंगो बोय आ कोथिनार.' 'के बा आ आथेर उस्तेद मान्याना?', म्हणजे तुम्ही उद्या काय करणार आहात? 'क्वान्दो बा आ नाथेर एल बेबे, बामोस आ आथेर ऊना फिएस्ता', म्हणजे बाळ जन्माला आल्यावर आम्ही समारंभ करणार आहोत.

मीरा_बंगळुरू
पहिली दोन वाक्ये निर्दोष आहेत. तिसऱ्यात 'क्वान्दो' (जेव्हा) या शब्दानंतर, अजून न घडलेल्या गोष्टीसाठी, भविष्यकाळ येत नाही आणि 'बा आ'ही येत नाही. तिथे क्रियापदाचे निराळेच रूप लागते : 'क्वान्दो नाथ्का एल बेबे'. ते रूप पुढच्या पातळीचे आहे, म्हणून सध्या हे एक वाक्य तसेच पाठ करावे, किंवा 'देस्पुएस देल पार्तो', म्हणजे बाळंतपणानंतर, असे म्हणून पुढे तुमचे 'बामोस आ' जोडावे.

गोदाकाठ
'देस्पुएस देल पार्तो' घेते. बारशाचा बेत त्याच शब्दांत सांगेन.