अनुभव धागा : कॉलेजातला प्रॉडक्ट क्लब आणि पहिली नोकरी

घर बदलतेय. माळ्यावरच्या खोक्यात थर्ड इयरची फाइल निघाली, त्यात आमच्या प्रॉडक्ट क्लबच्या (अ‍ॅपसारखी वस्तू कोणासाठी आणि कशी बनवायची ते ठरवायला शिकणारा मुलांचा गट) मॉक इंटरव्ह्यूचा, म्हणजे सरावाच्या मुलाखतीचा कागद. लाल पेनाने एकच ओळ : 'आकडा नंतर. आधी खाणारा कोण ते सांग.' प्रश्न होता, पुण्यात रोज किती वडापाव विकले जातात? मी थेट लोकसंख्येला भागत सुटले होते.

मी मेकॅनिकलची. दुसऱ्याच शनिवारी सीनियर ताईने वही देऊन स्वारगेटला पिटाळलं. 'बसचं अ‍ॅप आवडेल का?' विचारलं की सगळे हो म्हणायचे. ताई म्हणाली, असं नाही, 'मागच्या वेळी बस चुकली तेव्हा काय केलंत?' विचार. एक गजरेवाल्या मावशी म्हणाल्या, "चुकली कुठं, मीच सोडली. टोपली ठेवायला जागा नव्हती." आम्ही बस कधी येते ते दाखवणार होतो! पहिल्या नोकरीच्या मुलाखतीत मी या टोपलीबद्दलच बोलले. तुमच्याकडे होता का असा क्लब? लिहा.

सांजवात : आम्हाला क्लबात सुधारायला रेल्वेचं तत्काळ तिकीट बुकिंग दिलं होतं. एसीचं १० ला, स्लीपरचं ११ ला उघडतं. मी बटणांचे रंग बदलून नेले. सीनियर म्हणाला, आईला बुक करायला बसव आणि तू गप्प बस. चार जणांची नावं-वयं टाइप करेपर्यंत वेटिंग लागलं. नावं आदल्या रात्री भरून ठेवता येतात हे तिला माहीतच नव्हतं. मग रंग सोडले आणि तेवढ्या एकाच गोष्टीवर महिनाभर काम केलं.

वऱ्हाडी ठेचा : आमच्या क्लबात सीजीपीए ८ च्या वर असंल तरच घेत. माह्ये ६.९. लय लागलं होतं तेव्हा. हॉस्टेलच्या पाच पोरांनी मेसमध्येच रोज रात्री एकमेकांचे मॉक घेतले. त्यातले तिघं आज प्रॉडक्टमध्येच आहेत.

सांजवात : @वऱ्हाडी ठेचा, वाचून बरं वाटलं. मार्कांवर अडवणं चूकच.

जुना ब्रँडवाला : आमच्या वेळी क्लब वगैरे नव्हते, पण या प्रॉडक्ट मॅनेजरच्या कामाचं मूळ जुनं आहे. १९३१ साली प्रॉक्टर अँड गॅम्बलमध्ये नील मॅकेलरॉय यांनी तीन पानी टिपण लिहिलं : एका ब्रँडची सगळी जबाबदारी एकाच माणसाकडे द्या. पुढे ते अमेरिकेचे संरक्षणमंत्री झाले. नवख्यांना घेऊन शिकवणारा गूगलचा एपीएम (असोसिएट प्रॉडक्ट मॅनेजर) कार्यक्रम २००२ चा, मरिसा मेयर यांनी सुरू केलेला. मुलांना हे जरूर सांगावं.

निशिगंध : स्वारगेटला आता भुयारी मेट्रो आहे, २०२४ पासून. मावशी अजून दिसतात का हो?

धागाकर्ती : @निशिगंध, नाही गं. दोनदा मुद्दाम जाऊन पाहिलं.

आईसाहेब : माझी लेक सेकंड इयरला आहे, कॉम्प्युटरची नाही. क्लबात फी असते का? घरी दूध उतू जातंय, नंतर वाचते.

धागाकर्ती : @आईसाहेब, आमच्याकडे नव्हती, चहाचे पैसे काढायचो तेवढेच. शाखा आड येत नाही. या आठवड्यात तिने तीन अनोळखी माणसांशी बोलून लिहून ठेवावं आणि मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करावा. शनिवारी दुपारी मोकळी आहे, मॉक घेईन.

वऱ्हाडी ठेचा : दुधाचं काय झालं?